लावण्याआधी नीट बघ

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

माहूर,
वैशाख

चि. सौ. भाचीस,


बाळाच्या गालांचे आणि मानेचे फोटो मिळाले. रात्रभर गाल उशीवर घासतो, कानामागे बोचकारतो, दूध पिता पिता तोंड काढून रडतो, असं तू कळवलंस. घरात आणि शेजारात कोणी काय सुचवलं, तेही सांगितलंस: बोरिक पावडर, कडुलिंबाचा लेप, हळद आणि साय, मेडिकलमधून आणलेली ट्यूब. यातलं आधी काय लावू, असं विचारतेस. आज रात्री यातलं काहीच लावू नकोस. त्याच्या अंगावरचे कपडे उतरव, उजेडात धर आणि डोक्यापासून तळपायापर्यंत सावकाश बघ. पुरळ कुठे आहे आणि कुठे नाही, हे आधी कळू दे.

माझी सगळी नोकरी या तालुक्यातल्या उपकेंद्रांमध्ये झाली. लसीकरणाच्या दिवशी मांडीवर घेतलेल्या लेकरांच्या अंगावर मी तऱ्हेतऱ्हेचं पुरळ पाहिलं. बहुतेक वेळा मूळ पुरळ साधंच असायचं, पण त्यावर एकामागून एक केलेल्या उपायांनी ते चिघळलेलं असायचं. म्हणून तुला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. बाळाच्या अंगाला लावलेलं कातडीवरच राहत नाही, ते आत जातं. हे एकदा मनात बसलं की काय लावावं आणि काय टाळावं, हे तुझं तुलाच कळत जाईल.

तान्ह्या बाळाची त्वचा आपल्यापेक्षा पातळ असते, आणि वजनाच्या मानाने तिचा पसारा मोठ्या माणसाच्या दोन-तीन पट असतो. याचा पुरावा आपल्या तेलाच्या वाटीतच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास 2005 साली ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. काही नवजात बाळांना त्यांनी करडईच्या तेलाने मालिश करवलं, काहींना खोबरेलाने, आणि पाच दिवसांनी रक्त तपासलं. करडईचं तेल चोळलेल्या बाळांच्या रक्तात करडईच्या तेलातली स्निग्धाम्लं वाढली होती, खोबरेलवाल्यांच्या रक्तात खोबरेलातली. वरून चोळलेलं तेल रक्तापर्यंत पोचलं होतं. मराठवाड्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या लेकरांना करडईचं तेल लावत आल्या, तेल अंगी लागतं असं म्हणत आल्या. त्या म्हणण्याला रक्ताच्या तपासणीने दुजोरा दिला.

पण तेलाला जी वाट मोकळी, तीच विषालाही मोकळी. 1972 साली फ्रान्समध्ये मोरहांज नावाच्या बाळपावडरीत हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक कारखान्यातल्या चुकीमुळे भरमसाट मिसळलं गेलं. लंगोटाखाली भुरभुरलेल्या त्या पावडरीने 200हून अधिक लेकरांना बाधा झाली आणि 36 दगावली. त्यांच्या आयांनी लेकरांना काही खाऊ-पाजू घातलं नव्हतं, नुसती पावडर लावली होती. बोरिक पावडरही अशीच. सोललेल्या, ओल्या कातडीतून बोरिक अंगात शिरून तान्ही मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकाच्या पुस्तकांत जुन्या काळापासून आहेत. तुमच्या घरात तो डबा असेल तर फेकून दे.

आता पुरळाकडे ये. फोटोवरून मी निदान करणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण कुठे काय बघायचं, ते सांगते.

वैशाखात आपल्याकडे पारा 42 अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत मानेच्या घडीत, पाठीवर, कपाळावर, टोपीच्या कडेखाली बारीक लाल पुटकुळ्या उठल्या तर ते बहुधा घामोळं. बाळाच्या घामाच्या नळ्या नाजूक असतात. त्यांची तोंडं बुजली की घाम कातडीतच अडकतो आणि टोचतो. याला औषध एकच, गारवा. कुंची, टोपरं, पायमोजे काढ, दुपट्यात गुंडाळणं बंद कर. एक पातळ सुती झबलं पुरे. पंखा लाव, फक्त वारा थेट तोंडावर नको. ओल्या फडक्याने मान आणि काखा टिपून कोरड्या कर. घामोळ्यावर जाड तेल, व्हॅसलीन किंवा पावडर घालू नकोस, त्याने ती तोंडं अजून बुजतात. गारवा मिळाला तर दोन-तीन दिवसांत घामोळं बसतं. बाळाला वारा लागेल म्हणून सासूबाई काळजी करतील. त्यांना त्याच्या मानेला हात लावून बघायला सांग. मान घामेजली असेल तर लेकराला उकडतंय, हे त्यांनाही पटेल.

गाल, कपाळ, डोकं, हातापायांच्या बाहेरच्या बाजू लाल आणि खरखरीत झाल्या असतील, मधून पाणी पाझरत असेल, पण लंगोटाखालचा भाग मात्र स्वच्छ असेल, तर डॉक्टर बहुधा इसब म्हणतील. तान्हेपणीचा इसब साधारण दोन-तीन महिन्यांनंतर दिसू लागतो, आणि त्यात खाज फार. तुझ्या सासऱ्यांना दमा आहे, तुला स्वतःला लहानपणी सकाळी उठल्या उठल्या शिंकांचा सपाटा यायचा. असा वारसा असलेल्या घरात लेकरांची त्वचा कोरडी असण्याची शक्यता जास्त. सारवण निघालेली भिंत जशी ओल धरत नाही आणि बाहेरचं सगळं आत घेते, तशी ही त्वचा. आतला ओलावा उडतो. साबण, धूळ, घाम, लाळ आत शिरून चुरचुरतात. म्हणून इथे मुख्य उपचार म्हणजे ते सारवण रोज पुन्हा घालणं. ते कसं, ते पुढे लिहिते.

लंगोटाची जागा लाल असेल तर घड्या उघडून बघ. वरचे उंचवटे लाल आणि जांघेची घडी मात्र चांगली, तर शी-शूच्या ओलीने कातडी भाजलेली आहे. प्रत्येक वेळी नुसत्या पाण्याने धू, टिप, थोडा वेळ उघडं ठेव आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर दे. पण लाली घडीच्या आतच जास्त असेल आणि कडेला सुटे सुटे लाल ठिपके असतील तर ती बुरशी. तिला बुरशीचं औषध लागतं, आणि ते डॉक्टरांकडूनच घ्यायचं.

शेवटचा प्रश्न घरातल्या सगळ्यांना विचार. रात्री अंथरुणात आणखी कोणाला खाज सुटते का? बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला? तसं असेल आणि बाळाच्या तळहातांवर, तळपायांवरही फोड असतील तर ती खरूज असू शकते. खरूज डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याने होते, अस्वच्छ घरांनाच होते असं नाही. एका अंथरुणात निजणाऱ्या कुटुंबांत, वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत ती भराभर पसरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं, इतकी ती जगभर पसरलेली आहे. तिच्या औषधाचा नियम एकच. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो. कपडे, चादरी कढत पाण्यात धुऊन उन्हात टाकायच्या. धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवायचं, कारण अंगापासून वेगळा झालेला किडा तीन-चार दिवसांपेक्षा जास्त सहसा तगत नाही. एकट्या बाळाला औषध लावलं तर खरूज त्याला पुन्हा त्याच घरातून मिळते.

आता ते रोजचं सारवण. कोमट पाण्याची आंघोळ, कढत पाण्याची नाही. पाच-दहा मिनिटांत उरक. साबण सौम्य, बिनवासाचा, आणि तोही फक्त जिथे मळ साचतो तिथे. डाळीच्या पिठाने रगडणं, पिठाच्या गोळ्याने अंगावरची लव काढणं, दूध-हळदीचं उटणं हे सगळं या दिवसांत बंद. लव आपोआप गळते, पण रगडून निघालेली कातडी भरून यायला दिवस लागतात. लातूरला तुमच्याकडे बोअरचं जड पाणी येतं, त्यात साबण लवकर सुटत नाही, म्हणून शेवटी साध्या पाण्याचे दोन तांबे सावकाश ओत. पंच्याने टिप, पुसू नकोस. आणि अंग अजून दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, कोरड्या खरखरीत जागांवर साधं बिनवासाचं व्हॅसलीन किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं मलम लाव. इसबाच्या त्वचेला हे दिवसातून दोनदा लागतं, गरज पडली तर तीनदा. महागाची डबी आणायची गरज नाही. खोबरेलही चालतं. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर केलेल्या एका चाचणीत शुद्ध खोबरेलाचा गुण खनिज तेलापेक्षा चांगला आला. करडईचं तेल चांगल्या त्वचेच्या मालिशला उत्तम, पण पाझरणाऱ्या, फुटलेल्या जागेवर कोणतंही तेल चोळायचं नाही. मोहरीचं तेल बाळाला मुळीच नको, ते कातडीचा वरचा थर कमकुवत करतं.

खाज सुटली की थंड पाण्यात बुडवून पिळलेलं मऊ फडकं गालावर पाच मिनिटं ठेव, मग वर मलमाचा हात फिरव. नखं दर दोन-तीन दिवसांनी काप. नवे कपडे धुतल्याशिवाय घालू नकोस, लोकर आणि नायलॉन अंगाला लागू देऊ नकोस, कपड्यांतली धुण्याची पावडर दोन पाण्यांनी काढ. दूध पाजल्यावर गालावरची लाळ आणि दूध टिप. खाजेचं म्हणून झोप आणणारं सिरप मात्र दुकानातून आणून पाजू नकोस. अशा काही सिरपांनी तान्ह्या बाळाचा श्वास मंदावतो.

काही गोष्टी आपल्या घरांत इतक्या रुळल्या आहेत, की त्या औषधांच्या यादीत येतच नाहीत. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेली दुपटी काढून तशीच बाळाला गुंडाळतात. रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतः कमी असलेल्या बाळांना त्या वासानेसुद्धा कावीळ होऊ शकते, तांबड्या पेशी फुटतात. मध्य भारतातल्या काही आदिवासी समाजांत ही उणीव इतरांपेक्षा जास्त आढळते, म्हणून आमच्या माहूर-किनवटच्या बाजूला मी बाळंतिणीला हे आवर्जून सांगायचे. हातापायांना मेंदी लावणंही त्याच कारणाने टाळायचं. कापराचं तेल नको. शेगडीवर ओवा-शेपा टाकून बाळाला धुरी देतात, त्या धुराने चिडलेली त्वचा आणि कोवळी छाती दोन्ही त्रासतात. कडुलिंबाचा पाला उकळून पाणी देवघराच्या उंबऱ्यावर शिंपडा, त्याला माझी हरकत नाही. लेकराच्या फुटलेल्या गालावर पाला वाटून थापू नका.

त्या ट्यूबबद्दल नीट ऐक. आपल्याकडे दुकानांत अशी मलमं सर्रास मिळतात, ज्यांत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरकस स्टिरॉइड एकत्र कालवलेलं असतं. लावलं की दोन दिवसांत लाली जाते, म्हणून सगळ्यांचा त्यावर विश्वास बसतो. मागून बुरशी हातपाय पसरते, कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात. लंगोटाखाली लावलं तर झाकलेल्या जागेतून स्टिरॉइड आणखी वेगाने शोषलं जातं. महिनोन्‌महिने असं मलम लावलेल्या तान्ह्या मुलांचा चेहरा सुजून गोल झाल्याची, वाढ खुंटल्याची प्रकरणं आपल्या देशातल्या डॉक्टरांनी छापली आहेत. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यावर वर्षानुवर्षं आवाज उठवला आणि 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकायला मनाई केली. तरी काउंटरवरून ती निघतातच. पण या भीतीने उलट्या टोकालाही जाऊ नकोस. इसब भडकला असताना डॉक्टर सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस, मोजक्या जागी लिहून देतील. ते सांगितलं तसं लावायचं आणि सांगितल्या दिवशी थांबवायचं. बाळ रात्र-रात्र खाजवत राहिलं तर जखमांत पू होतो, तो धोका जास्त मोठा.

तुझ्या ताटाकडे कोणी बोट दाखवत असेल, आंबा खाल्ला म्हणून दूध उष्ण झालं म्हणत असेल, तर ते मनावर घेऊ नकोस. पाजणाऱ्या आईने नुसत्या ऐकीव बोलण्यावरून दूध, शेंगदाणे, डाळी, फळं सोडली तर तिचीच ताकद जाते. बाळाच्या शीमध्ये रक्त येत असेल, प्रत्येक पाजणीनंतर उलटी होत असेल, वजन वाढत नसेल, तर डॉक्टर आहार बदलायला सांगतील, तेव्हा बदल. सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध. ते बंद करायचं काही कारण या पुरळात नाही.

आता जावळाचं. लेकराला रेणुकेच्या पायावर घालून गडावर जावळ काढायचं तुम्ही ठरवलंय, आणि सुट्या आहेत म्हणून याच महिन्यात. ते पुढे ढकल. या उन्हात गडाच्या पायऱ्या, दर्शनाची रांग, अंगावर जरीचं नवं झबलं, कपाळभर कुंकू, नुकत्याच भादरलेल्या डोक्यावर ऊन, हे पुरळ उठलेल्या बाळाला सोसायचं नाही. पावसानंतर हे डोंगर हिरवे होतात, हवा मऊ होते. दसऱ्याची गर्दी ओसरली की या. कुळाचार तेव्हाही तितकाच पूर्ण होईल. सासरच्यांना माझं नाव सांग.

रेणुकेच्या गावात राहणारी म्हणून आणखी एक सांगते. अंगावर फोड आणि ताप एकत्र दिसला की आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत देवी आल्या म्हणून दार लावून घेतात, दवाखाना नको, औषध नको. ती खरी देवी, जिने लाखो माणसं नेली, आपल्या देशात शेवटची 1975 साली दिसली आणि 1980 मध्ये सगळं जग तिच्यातून सुटल्याचं जाहीर झालं, ते घरोघर टोचलेल्या लशीमुळे. आज तापाबरोबर पुरळ उठतं ते बहुधा गोवर, कांजिण्या किंवा दुसऱ्या एखाद्या विषाणूचं. गोवर फुप्फुसात उतरला तर लेकरू हातचं जातं. रेणुकेची ओटी भरायची असेल तर जरूर भर, पण बाळाला आधी दवाखान्यात ने. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पुरे झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. दोन्ही तारखा आताच लिहून ठेव.

या खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहायची नाही: ताप, दूध न ओढणं, अंग सैल टाकणं, पिवळी खपली किंवा पू, एकाच जागी पाण्याच्या फोडांचे झुपके, काचेचा ग्लास दाबला तरी न विरणारे जांभळट ठिपके. ओठ-डोळे सुजले, श्वासाला घरघर लागली तर लगेच 108ला फोन. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला पुवाचे फोड आले तर ते दवाखान्याचंच काम. तुझा चार महिन्यांचा आहे, पण जावेची मुलगी महिन्याची आहे, तिलाही हे वाचून दाखव.

लातूरला तुमच्या घरापासून विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय लांब नाही, तिथे त्वचारोगाची ओपीडी असते. आमच्याकडच्या माणसांना अशा वेळी नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयापर्यंत जावं लागतं; एसटीने जायचं तर अख्खा दिवस मोडतो. तुला हे जवळ आहे, त्याचा उपयोग कर. जाताना आजवर अंगाला जे जे लावलं त्याच्या ट्यूबा, डब्या सगळ्या पिशवीत घालून ने. काही लपवू नकोस, कोणाला दोष जाईल म्हणून गप्प राहू नकोस. डॉक्टरांना ते कळलं तरच पुरळाचं खरं रूप कळेल.

इसबच निघाला तर घाबरू नकोस. तो एका मलमाने कायमचा जात नाही. कधी बसेल, कधी भडकेल, पण पुष्कळ मुलांचा शाळेच्या वयापर्यंत बराच निवळतो. तोवर रोजची आंघोळ आणि रोजचं मलम एवढंच काम, आणि ते एकट्या आईचं नाही. संध्याकाळची आंघोळ आणि मलम जावईबापूंनी करावं, मध्यरात्री फडकं ओलं करायची पाळी सासूबाईंनी घ्यावी. हे पत्र त्या दोघांनाही वाचायला दे. तू त्या वेळात झोप. अंगावर पाजणाऱ्या बाईला झोप मिळाली नाही तर तिची तब्येत आणि मन दोन्ही बिघडतात. डॉक्टर काय म्हणाले ते मला फोन करून सांग, चिठ्ठीचा फोटोही पाठव.

तुझी,
आत्या